वर्षाची फी एकदम भरू नका

मुलीच्या बॅडमिंटनसाठी पर्सनल कोचिंग लावायचं ठरलं, तेव्हा 'वर्षाचे एकदम भरा, दोन महिने फुकट' या ऑफरला मी भुललो. चौथ्या महिन्यात सर दुसरीकडे गेले, नवीन सरांशी तिचं जमेना आणि पावतीवर बारीक अक्षरात 'फी परत मिळणार नाही'. बसलो हात चोळत.

आता सेशनप्रमाणेच पैसे देतो. तासाचा दर थोडा जास्त पडतो, पण परीक्षा, ताप, गावचं लग्न हे सगळं धरलं की मुलं खरंच किती तास कोर्टवर असतात, ते एकदा कॅलेंडरवर मोजून बघाच. आमच्याकडे महिन्याच्या बारापैकी आठ भरले.

पैसे देण्याआधी सरांना एवढं विचारा: सुट्टी तुम्ही घेतलीत तर तो तास भरून मिळेल का? कोर्टाचं भाडं फीमध्येच आहे की वेगळं? शटल कोणाची? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पिसांची शटल जोरदार सरावात पटापट तुटतात. वर रॅकेटचं गटिंग (तारा बसवणं), बुटं, स्पर्धांच्या प्रवेश फी. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, पैसे यूपीआयनेच द्या.

आणि हो, शाळेच्या ट्यूशन फीसारखी ही फी आयकराच्या वजावटीत दाखवता येत नाही.

बजेट ताणलं जात असेल तर रोजची ग्रुप बॅच चालू ठेवून आठवड्याला एकच तास पर्सनल घ्या. तेवढ्यात बॅकहँड सुधारतो.