पोस्टग्रेस कंपाइल करताना वीज गेली तर

पावसाळ्यात मालवण-देवगडकडे वीज कधी जाईल, नेम नसतो. सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, पोस्टग्रेस हा डेटाबेस कंपाइल होत असताना ती गेली, तर परत नुसतं ‘मेक’ (बांधणी करणारी कमांड) चालवू नका. मेक फाइलची वेळ बघतो, आतला मजकूर नाही. अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल (कोड फाइलचं कंपाइल झालेलं रूप) त्याला पूर्ण वाटते आणि घोटाळा लिंकिंगला, म्हणजे या फाइली जोडताना, उघड होतो: ‘फाइल ट्रंकेटेड’. सरळ ‘मेक क्लीन’ करून तयार झालेल्या फाइली पुसा आणि मग ‘मेक’ चालवा. ‘कॉन्फिगर’ (बांधणीआधीची तपासणी) पूर्ण झालं असेल तर ते पुन्हा लागत नाही. रीडलाइन (कमांड टाइप करण्यासाठी), झेडलिब (कॉम्प्रेशनसाठी) आणि आवृत्ती १६ पासून आयसीयू (भाषांनुसार क्रम लावण्यासाठी) या लायब्ररींची डेव्हलपमेंट पॅकेजं आधीच उतरवून ठेवा, कारण विजेपाठोपाठ नेटही जातं. रीडलाइन मिळत नाही म्हणून कॉन्फिगरला ‘विदाउट-रीडलाइन’ हा पर्याय मात्र देऊ नका. मग पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला कमांड द्यायचा प्रोग्रॅम) बाण दाबून जुन्या कमांड परत आणता येत नाहीत.