शनिवारी मांडू, रात्री 'तुंबाड': दमलेल्या दोस्तांसाठी सिनेमा कसा निवडावा

सहलीहून आल्यावर घरी सिनेमा बघायचा बेत बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने फसतो. सहल आठवडाभर आधी ठरते, भांडून-चर्चा करून. सिनेमा मात्र रात्री साडेनऊला, रिमोट हातात घेऊन. मग पाऊण तास नुसती पोस्टरं सरकत राहतात, दोघं सोफ्यावर पेंगतात आणि शेवटी कुणीतरी जुनी गाणी लावतं. म्हणून सिनेमा आणि सहल एकदमच ठरवा. विषय जुळतो का, ते नंतर बघता येईल. आधी हे बघा की त्या ठिकाणाहून माणसं किती दमून परतणार आहेत.

मी इंदुरात बँकेत आहे, त्यामुळे आमच्या टोळीचं पंचांग म्हणजे दुसरा आणि चौथा शनिवार. बाकी एक दंतवैद्य मैत्रीण, कोचिंगमध्ये गणित शिकवणारा एकजण, आणि कापड मार्केटातला सिंधी दोस्त व त्याची बायको. मराठी आम्ही निम्मेच. उरलेल्यांचा जन्म इंदुरात गेल्यामुळे त्यांना कळतं सगळं. बोलायला लावलं की 'अपन को सब समझता है भिया' इथे गाडी थांबते. माणसं किती घ्यायची, याचं माझं उत्तर साधं आहे: एका गाडीत मावतील तेवढी. दुसरी गाडी निघाली की अर्धा दिवस 'कुठे पोचलात' विचारण्यात जातो, आणि रात्री हॉलमध्ये कुणाला तरी दाराच्या कोनात बसून तिरका पडदा बघावा लागतो.

पावसाळ्यात मांडू. यावर आमच्यात मतभेद नाहीत. इंदूरहून साधारण शंभर किलोमीटर. धारवरून गेलात तर धारच्या पुढे 35 किलोमीटरच्या आसपास. सकाळी सहाला निघा. पोह्यांसाठी वाटेत थांबायचंच असेल तर शहर सोडायच्या आधी थांबा. एकदा सगळे टपरीवर बसले की उठत नाहीत. मांडूत पोचल्यावर पहिल्यांदा जहाजमहालाकडे वळायचा मोह होतो, तो आवरा. गाडी सरळ गावाच्या दुसऱ्या टोकाला, रूपमती मंडपापर्यंत न्या. गर्दी तिथे उशिरा पोचते, आणि सकाळचे ढग खालच्या निमाडाच्या बाजूने वर चढताना बघायचे तर हीच वेळ. आभाळ स्वच्छ असेल तर लांब नर्मदेची रेघ दिसते. ऑगस्टात ती दिसेल असं कुणाला सांगू नका, नाहीतर दिवसभर टोमणे ऐकाल. मग परत फिरताना होशंगशाहाचा संगमरवरी मकबरा आणि सगळ्यात शेवटी जहाजमहाल. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामधली ती लांबलचक इमारत तळी भरलेली असतानाच बघावी. उन्हाळ्यात ती चांगली वास्तू असते; जहाज ती पावसाळ्यातच होते.

जेवायला दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे जाड पानिये पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात, त्यामुळे वेळ लागतो. म्हणून फिरायला जातानाच सांगून ठेवा आणि परतताना खा. मांडूची इमली, म्हणजे गोरखचिंचेचं ते मखमली फळ, रस्त्याकडेला विकायला असतं. एखादं घेऊन या. आंबट गर चघळत बसायला गाडीत बरा पडतो, आणि ते एवढं मोठं झाड आफ्रिकेतून इथे कसं आलं यावर घाट उतरेपर्यंतची चर्चा होते.

चारला मांडू सोडायचं. धुक्यात आणि अंधारात तो उतार नको. हे घड्याळ पाळलंत तर सातपर्यंत घरी, आणि इथे सगळ्या बेताची किल्ली आहे: सगळ्यांचे कोरडे कपडे सकाळीच सिनेमावाल्या घरी ठेवून निघा. टॉवेलसकट. 'अंघोळ करून येतो' म्हणून जो आपल्या घरी जातो तो त्या रात्री परत येत नाही. त्याला आई जेवायला बसवते.

मांडूनंतर 'तुंबाड'. 2018 चा राही अनिल बर्वेचा सिनेमा, आधी थिएटरात थोड्यांनीच बघितलेला, आणि 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चाललेला. त्यातला पाऊस खरा आहे. तो मिळवायला कित्येक पावसाळे शूटिंग चाललं होतं. दिवसभर भिंतींवरचं शेवाळ आणि ओल बघून आलेल्या डोळ्यांना तो वाडा वेगळाच दिसतो. पण मी तो निवडते ते लांबीसाठी. पावणेदोन तासांच्या आत संपतो. साडेआठला लावला तर सव्वादहाला दिवे लागतात आणि सराफा तेव्हा नुकता रंगात आलेला असतो. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या. पावणेअकराला पोचणारा माणूस तिथे उशिरा आला असं कुणी म्हणत नाही. गाडी लांब लावा आणि चालत जा. एक धोक्याची सूचना: टोळीत भुताखेतांना भिणारं कुणी असेल तर आधी विचारा. आमची दंतवैद्य दिवसभर लोकांचे दात उपटते, पण 'तुंबाड'ला उशी डोळ्यांवर धरून बसली होती.

खंडवा वेगळं प्रकरण. इंदूरहून सुमारे 130 किलोमीटर, घाट, ट्रक आणि दिवसभर गाडीत बसून आंबलेल्या पाठी. किशोरकुमारचं गाव म्हणून जायचं, त्याच्या समाधीपाशी थोडा वेळ थांबायचं, परत यायचं. तो शिकला इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात, गेला 1987 च्या ऑक्टोबरात मुंबईत, आणि अंत्यसंस्कार झाले खंडव्यात. परतल्यावर नवा, कधी न बघितलेला सिनेमा लावणं म्हणजे त्या सिनेमावर अन्याय. इथे हवा असा सिनेमा ज्यात वीस मिनिटं डुलकी लागली तरी काही बिघडत नाही. 'चलती का नाम गाडी', 1958. अशोक, अनुप आणि किशोर, खंडव्याचे तिघे सख्खे भाऊ एका गॅरेजमध्ये. गाणं आलं की झोपलेला जागा होतो, बाकीचे काही विचारत नाहीत.

'अंदाज अपना अपना'सुद्धा याच जातीचा, पण तो दोन तास चाळीस मिनिटांचा आहे. तेव्हा जवळच्या सहलीनंतर लावा: पाताळपाणी ते काळाकुंड ही डोंगरातली मीटरगेज गाडी चालू असेल तर ती, आणि काळाकुंडला पानात मिळणारा कलाकंद. (पाताळपाणीला धबधब्याच्या कुंडात उतरायचं नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर कुठेतरी पाऊस झालेला असतो. पाणी सांगून वाढत नाही. 2011 च्या जुलैत तिथे माणसं वाहून गेली आहेत.) 1994 च्या नोव्हेंबरात हा सिनेमा आला तेव्हा फारसा चालला नव्हता. केबल आणि कॅसेटींनी त्याला वाढवलं. सलमान जन्माने इंदुरी, त्यामुळे आमच्याकडे त्याच्या एंट्रीला शिट्टी वाजवण्याचा हक्क कापड मार्केटाने स्वतःकडे ठेवलाय.

आता उलट बाजू. सहल हलकी असेल तर सिनेमा जड चालतो. महेश्वरला सकाळी जाऊन घाटावर बसलं, नावेतून फिरलं, किल्ल्यातल्या राजवाड्यात अहिल्याबाईंची ती साधी पांढरी गादी बघितली आणि उन्हाच्या आत परतलं की डोकं ताजं असतं. (साड्यांच्या दुकानात शिरायचं की नाही, हे निघण्याआधी ठरवा. शिरलात तर पुढचं सगळं विसरा.) त्या रात्री 'सिंहासन'. जब्बार पटेल, 1979, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांची पटकथा, कृष्णधवल. मंत्री, युनियनवाले आणि बातमीदार नुसते बोलत असतात, आणि तरी हॉलमध्ये कुणी फोन बघत नाही. आमच्या सिंधी दोस्ताने संपल्यावर विचारलं, हे मंत्र्यांच्या चौऱ्याहत्तर बंगल्यांवालं भोपाळ आहे का? इतका त्याला तो घरचा वाटला.

आणि कमल स्वरूपचा 'ओम दर-बदर' दाखवायचाच असेल तर लांब जाऊच नका. सकाळी रालामंडलची टेकडी चढा, दुपारी झोपा, रात्री लावा. 1988 मध्ये तयार झालेला हा सिनेमा थिएटरात लागला 2014 साली. गोष्ट काय आहे हे विचारणाऱ्याला उत्तर देऊ नका, कारण तुमच्याकडेही नसेल.

सोबत कोण कसं बसतं हे सिनेमाइतकंच महत्त्वाचं. ज्याचे वेडे चाहते असतात अशा सिनेमाला निम्म्यांनी तो पाठ केलेला असावा आणि निम्म्यांनी बघितलेला नसावा. सगळेच जाणकार असतील तर सिनेमा नाही, पाठांतराची स्पर्धा होते. सगळेच नवे असतील तर पहिल्या विचित्र प्रसंगाला सगळे एकमेकांकडे बघतात. जाणकारांना मागच्या रांगेत बसवा; त्यांना नव्यांचे चेहरे दिसू नयेत, नाहीतर ते विनोदाच्या आधीच तिकडे बघून हसायला लागतात. संवाद पात्राबरोबर म्हणायला हरकत नाही, पात्राच्या आधी म्हटला तर दुसऱ्या दिवशीचे पोहे त्याच्याकडून. गणिताचे सर हा दंड आनंदाने भरतात. 'अशी ही बनवाबनवी' हिंदी दोस्तांना दाखवताना सबटायटल असलेली प्रत शोधा आणि मध्ये समजावत बसू नका. हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या 'बीवी और मकान'वरून ती घेतली आहे, एवढं आधी सांगितलं की ते मान ताठ करून बघायला बसतात.

प्रत कुठली, हे दोन दिवस आधी बघून ठेवा. जुन्या सिनेमांच्या इंटरनेटवरच्या प्रती बऱ्याचदा टीव्हीसाठी कापलेल्या असतात. मूळ लांबी शोधा आणि ताडून बघा. पंधरा-वीस मिनिटं कमी असतील तर ती प्रत सोडा. 'जाने भी दो यारों'सारख्या सिनेमाची सुधारलेली प्रत 2012 मध्ये थिएटरात लागली होती, तेव्हा धुरकट प्रतीवर समाधान मानायचं कारण नाही. कायदेशीर ॲपवर मिळत असेल तर आधी डाउनलोड करा. पावसात नेट जातं, आणि वीज मिचमिचली की राउटर पुन्हा चालू व्हायला लागणारा वेळ सगळ्या तणावाची माती करतो.

टीव्ही असेल तर एकच काम: मोशन स्मूदिंग बंद. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. जुनं चौकोनी चित्र पडदाभर ताणूही नका. बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर दिसू द्या. प्रोजेक्टर असेल तर चादर टांगू नका. तिला सुरकुत्या पडतात आणि अर्धा उजेड पलीकडे जातो. साधी पांढरी भिंत बरी. प्रोजेक्टर भिंतीला सरळ समोर ठेवा. तिरका ठेवून चित्र मशीनकडून सरळ करून घेतलं की धार जाते. खाली उशी तर मुळीच नको, हवेची भोकं बंद होतात. स्पीकर ब्लूटूथवर लावला आणि ओठ आधी, आवाज मागून असं झालं, तर वायर जोडा. वायर बहुतेक घरांत असते, टीव्हीच्या मागच्या खोक्यात.

खाण्याचं इंदुरात वेगळं सांगायला नको, पण सिनेमासाठी एक चाळणी लावा: आवाज. लौंग सेव, पापड, कुरकुरीत कचोरी हे सुरुवातीची नावं संपेपर्यंत संपवा. नंतर शांत पदार्थ. भुट्ट्याचा कीस आणि साबुदाण्याची खिचडी, दोन्ही चमच्याने आणि बिनआवाजी. थंडीत गराडू हा कंद हवाच, पण तो तळल्याबरोबर, वर जीरावन मसाला टाकून तोंडात जायला हवा, म्हणून त्याला मध्यंतराचीच वेळ. जुन्या सिनेमात मध्यंतराची पाटी येते. तिथे खरंच थांबवा. दिवे लावा, लोकांना पाय मोकळे करू द्या. शिकंजी मात्र संपल्यावर. आमच्याकडची शिकंजी दुधाची आणि घट्ट असते. आधी दिली तर उत्तरार्धाला निम्मे घोरतात.

हिशेब रविवारी सकाळी, पोहे-जिलेबीवर. रात्री कुणी पैशाचं बोलू नये. पेट्रोल, टोल, तिकिटं, खाणं एकत्र करून समान भाग; ज्याचं घर, त्याचा खाण्याचा भाग माफ, ज्याची गाडी, त्याचा पेट्रोलचा. पुढचा सिनेमा तिथेच ठरवायचा आणि तो निवडण्याचा हक्क ज्याने गाडी चालवली त्याचा. फक्त त्याने निवडलेला सिनेमा दोन तासांच्या वर असेल, तर पुढच्या सहलीला गाडीही त्यानेच चालवायची.