वाऱ्याच्या जागी लावलेल्या रोपाला आधार कसा द्यावा

उघड्या माळावर किंवा उतारावर रोप लावले की त्याच्याइतकीच उंच काठी रोवून खोड वरपासून खालपर्यंत घट्ट बांधण्याची पद्धत सर्रास दिसते. हेतू चांगला असला तरी रोपाचे त्याने नुकसानच होते. वाऱ्याने डोलणारे खोड त्या हालचालीमुळेच बुंध्याशी जाड होत जाते; जखडलेले खोड उंच वाढते, पण किडकिडीत राहते आणि काठी काढताच वाकते. आधार द्यायचा असतो तो मुळांना. मातीत नुकत्याच शिरू लागलेल्या कोवळ्या मुळ्या बुंधा हलल्याने तुटतात, त्या तुटू नयेत एवढेच काठीचे काम आहे.

गुडघ्याएवढे, भक्कम खोडाचे रोप बहुधा काठीविनाच तग धरते. म्हणून वाऱ्याच्या जागी मुद्दाम लहान रोप निवडावे, असे मी आवर्जून सांगेन. रोप मोठे असेल तर खोड हाताने हलवून पाहावे. बुंध्याजवळची माती त्यासोबत हलत असेल, किंवा बुंध्याभोवती पोकळी पडली असेल, तर आधार द्यावा.

काठी जाड व टिकाऊ असावी, किमान 60 सेंटीमीटर जमिनीत जावी आणि जमिनीवर रोपाच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश राहावी. उघड्या मुळांचे रोप असल्यास ती लागवडीपूर्वीच खड्ड्यात, ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला ठोकावी, म्हणजे मुळांना इजा होत नाही आणि वारा खोडाला काठीवर न आपटता तिच्यापासून दूर ढकलतो. पिशवीतील रोपाच्या मातीचा गोळा फुटू नये यासाठी काठी गोळ्याच्या बाहेरून, सुमारे 45 अंशांत तिरपी, वरचे टोक वाऱ्याकडे झुकेल अशी रोवावी. वाऱ्याची दिशा सतत बदलत असेल, तर दोन बाजूंना दोन काठ्या लावाव्यात.

बांधण्यासाठी सायकलची जुनी ट्यूब किंवा कापडाची रुंद पट्टी घ्यावी आणि ती खोड व काठी यांच्यामध्ये तिढा पडेल अशी, इंग्रजी आठच्या आकारात, किंचित सैल बांधावी. तार किंवा नायलॉनची दोरी कधीही वापरू नये. पानांत तयार झालेले अन्न सालीलगतच्या थरातून मुळांकडे जाते, आणि सालीत रुतलेली तार तोच मार्ग तोडते. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी, तसेच प्रत्येक वादळानंतर, गाठ तपासून सैल करावी.

वारा पाने आणि माती दोन्ही सुकवतो. आळ्यात पालापाचोळ्याचे 5 ते 8 सेंटीमीटर आच्छादन करावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये.

वर्षभराने बंध सोडून बुंधा हलवून पाहावा. तो स्थिर असेल तर काठी काढावी, नसेल तर आणखी एक वर्ष ठेवावी. त्यानंतरही बुंधा डगमगत असेल, तर बहुधा मुळे पिशवीत गोल गुंडाळलेली असताना तशीच लावली गेलेली असतात. पुढच्या लागवडीत ती खड्ड्यात ठेवण्यापूर्वीच हाताने मोकळी करून बाहेरच्या दिशेने पसरावीत.