विंडसर खुर्ची घेतलीत? मग या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियातल्या लिलावात जुनी विंडसर खुर्ची (जाड लाकडी बैठकीत पाय आणि पाठीच्या काड्या थेट रोवलेली) मिळाली की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: रंग काढायला कोणता रिमूव्हर वापरू? कोणताही नको. ही खुर्ची रंगवण्यासाठीच घडवलेली असते. अठराव्या शतकातले फिलाडेल्फियाचे कारागीर बैठकीला मऊ ट्यूलिप पॉप्लर, कातीव, म्हणजे लेथवर गोल कातलेल्या, पायांना मेपल आणि पाठीच्या काड्यांना चिवट हिकरी घेत. तीन लाकडांच्या तीन छटा झाकायच्या त्या रंगानंच. सुरुवातीच्या खुर्च्यांवर बहुधा जंगालाचा, म्हणजे तांब्याच्या गंजाचा, हिरवा असे.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशी खुर्ची सुट्टीत खरवडून काढली आणि मग पॉलिशसाठी माझ्याकडे आणली. बैठक पिवळट, पाय फिकट, काड्या तपकिरी. काड्या बैठकीत शिरतात तिथल्या खाचेत हिरव्याची एक रेघ तेवढी उरली होती. हातांच्या घर्षणानं झिजलेले रंगाचे थर एकदा गेले की परत येत नाहीत, आणि संग्राहक पैसे मोजतो ते त्या थरांचेच. मी पॉलिश करायला नकार दिला. शिवाय जुन्या रंगात शिसं असतं. कोरडा काचपेपर मारला की ती धूळ घरभर जाते, आणि त्यांच्या घरात रांगतं मूल होतं.

मी साफ करतो ते कापसाच्या बोळ्यानं, थुंकीनं किंचित ओला करून, आधी बैठकीच्या खाली. संग्रहालयांतही ही पद्धत वापरतात. बोळ्यावर मळाऐवजी रंग उतरला की तिथंच थांबायचं. याला वेळ लागतो. ज्यांना तो नाही त्यांनी खुर्ची तशीच ठेवावी.

दुसरी चूक, डुगडुगणाऱ्या पायाला खिळा किंवा इपॉक्सी. पायाचं निमुळतं टोक बैठकीतून आरपार जातं आणि वरून पाचर ठोकलेली असते. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, आकसतं. खिळा त्याला अडवतो आणि मग तडा जातो. इपॉक्सी तर पुढच्या दुरुस्तीचा रस्ताच बंद करतं. मी सांधा मोकळा करून जुना सरस (प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासूनचा डिंक) कोमट पाण्यानं काढतो आणि नवा गरम सरसच लावतो. उद्या कुणाला तो पुन्हा उघडता आला पाहिजे.

‘मूळ मिल्क पेंट’ (दुधात कालवलेला रंग) म्हणून विकतात त्यावर विश्वास ठेवू नका. हे कारागीर तेलात कालवलेला रंग लावत.

बैठकीखालचा कारागिराच्या नावाचा शिक्का हा जुनेपणाचा पुरावा मानू नका, तो नंतरही मारता येतो. त्यापेक्षा पायाला कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावा: जुनं कातीव लाकूड एका बाजूनं आकसून किंचित लंबगोल झालेलं असतं.

पाय खालून कापलेत का, ते पैसे देण्याआधी बघा. आणि हिवाळ्यात खुर्ची हीटरपासून लांब ठेवा.