मवाबासाठी रडणारा यशया: अध्याय १५ आणि १६ कसे वाचावेत

कोल्हापुरात आमच्या मंडळीतल्या बायकांचा शास्त्राभ्यास मी घेते. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातले हे दोन अध्याय म्हणजे मवाब देशाच्या नाशाचा विलाप. ते आले की गावांच्या नावांनीच जीव दमतो आणि वाचणारी पुढं सरकते. तसं करू नका. नावं मोठ्यानं वाचा: हेशबोन, एलाले, सोअर, लूहीथाचा चढ. मवाब म्हणजे मृत समुद्राच्या पूर्वेचा मुलूख, आजच्या जॉर्डनमधला. जीव घेऊन पळणाऱ्यांची वाट या नावांतूनच दिसते.

मवाबी लोटाच्या वंशातले. लोट हा इस्राएलचा पूर्वज अब्राहाम याचा पुतण्या, म्हणजे मवाबी इस्राएलचे भाऊबंद. पण वैर जुनं. मवाबाचा राजा मेशा यानं इस्राएलवरचा विजय दगडावर कोरून ठेवला होता. तो दगड १८६८ साली सापडला. अशांसाठी संदेष्ट्याचं काळीज आक्रोश करतं (१५:५).

आता पेन्सिल घ्या. सोळाव्या अध्यायात ‘मी’ आणि ‘माझे’ येईल तिथं खूण करा. नवव्या वचनात सिब्मा या मवाबी गावाच्या द्राक्षवेलीसाठी रडणं आहे. दहाव्यात, द्राक्षं तुडवणाऱ्यांचा गजर मी बंद केला, असं येतं. अकराव्यात लगेच आतडी वीणेसारखी कळवळतात. बंद करणारा कोण, रडणारा कोण? इथं मी कुणालाच घाई करू देत नाही.

बंद पडलेला गजर आपल्याकडं समजावून सांगावा लागत नाही. चुलवाण धडधडतंय, काहिलीत रस उकळतोय, गुळव्या ओरडून माणसं हलवतोय. ऐन हंगामात तेच गुऱ्हाळ गप्प असलं, तर कुणाचं तरी घर बसलंय हे रस्त्यावरूनच कळतं.

काही अभ्यासक हा विलाप उपहासाचा मानतात. मला ते पटत नाही. थट्टा करणारा परागंदा झालेल्यांना लपवायची विनवणी (१६:३) मध्ये कशाला आणेल? आणि मवाबाचा गर्वही तो झाकत नाही. सहाव्या वचनात स्पष्ट सांगतो. दोष दिसतो, तरी डोळ्यांचं पाणी खळत नाही.

प्रार्थनेत हे आणायचं तर ‘सगळ्यांचं भलं कर’ म्हणून सुटू नका. ज्यांच्याशी आपलं पटत नाही, त्यांचं गाव, त्यांचं बुडालेलं पीक नाव घेऊन सांगा.

मग यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातला ४८ वा अध्याय काढा. तिथं तेच रडणं पाव्याच्या सुरासारखं आहे. शेहेचाळिसाव्या वचनाशी पुस्तक मिटू नका. सत्तेचाळिसाव्यात देव मवाबाला पुन्हा वसवायचं वचन देतो.