‘पिऊन राहिला’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

२००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा मी सहावीत पोचलो होतो. म्हणजे माझी एबीसीडी जुन्या पद्धतीनं पाचवीतली. विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं गाव, आणि इंग्रजी म्हणजे सगळ्या वर्गानं एका सुरात ओरडलेलं ‘आय ॲम अ बॉय’. त्या ओळीनं माझं कायमचं नुकसान केलं. ‘आय’ म्हटलं की मागं ‘ॲम’ चिकटूनच यायचं. ‘आय ॲम गो.’ ‘आय ॲम डोन्ट नो.’ बी.कॉम. झालो तरी हेच.

वार, महिने, आकडे, थँक्यू, सॉरी तुम्हाला येतंच असं धरतो. ज्या खड्ड्यात मी पडलो तेवढाच नीट दाखवतो.

नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात कॅशलेसच्या, म्हणजे पेशंटचं बिल विमा कंपनीकडून मंजूर करून घ्यायच्या, काउंटरवर मला पहिली नोकरी लागली. विमा कंपनीचे फोन यायचे, बरेचदा चेन्नईहून, आणि तिथं आपली हिंदी चालत नसे. एकदा आमच्याच भागातले एक काका भरती होते. कपाशीवाले, गळ्यात तुळशीची माळ. पित्ताचा खडा अडकून स्वादुपिंडाला सूज आलेली. चार दिवस तोंडानं काही नाही, नुसतं सलाईन. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी घोटघोट पाणी सुरू केलं. तेवढ्यात फोन. पेशंट कसा आहे, मॅडमनी विचारलं. डोक्यात वाक्य तयार होतं: पेशंट पाणी पिऊन राहिला. तोंडातून निघालं, “पेशंट ड्रिंकिंग.”

त्या म्हणाल्या, “ही ड्रिंक्स?”

मी जोरात, “येस मॅडम, ड्रिंक्स! फ्रॉम मॉर्निंग!”

‘ही ड्रिंक्स’ म्हणजे तो दारू पितो. आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? ‘तो पितो’ म्हटलं की कोणी ताक समजत नाही. त्यात स्वादुपिंडाच्या सुजेचं एक मोठं कारण दारू, आणि दारूनं झालेल्या आजाराचे पैसे बऱ्याच पॉलिसींत मिळत नाहीत. तासाभरात पत्र आलं: दारूच्या सवयीचा खुलासा करा. डॉक्टरांना लेखी द्यावं लागलं, मंजुरी दीड दिवस अडकली. काकांचा पोरगा काउंटरवर आला. “काऊन हो भाऊ, आमच्या बाबाले बेवडा करून टाकलं तुमी? चहा बी पीत नाई ते!” काय उत्तर देणार?

आता नीट पाहा. मी दोन चुका केल्या. पाणी हा शब्द गिळला, आणि ‘इज’ गिळला. “ही इज ड्रिंकिंग वॉटर” म्हटलं असतं तर काहीच झालं नसतं. ‘इज’ का गिळला, ते मला फार उशिरा कळलं. ‘मी जात आहे’, ‘तो पीत आहे’ याला आपण विदर्भातले लोक म्हणतो ‘मी जाऊन राहिलो’, ‘तो पिऊन राहिला’. यात ‘आहे’ कुठंच ऐकू येत नाही. म्हणून आपला माणूस ‘आय गोइंग’, ‘ही ड्रिंकिंग’ म्हणून मोकळा होतो.

पुण्याकडचे लोक आपल्या ‘राहिलो’ला हसतात, हसू द्या. इंग्रजीसाठी तो आपल्या फायद्याचा आहे. मनातल्या वाक्यात ‘राहिलो, राहिला, राहिली’ ऐकू आलं की इंग्रजीत दोन गोष्टी एकदम लागतात: आधी ॲम, इज किंवा आर, आणि क्रियापदाला आयएनजी. एक घातली न् दुसरी सोडली की वाक्य लंगडं. मी फॉर्म भरून राहिलो: “आय ॲम फिलिंग द फॉर्म.” आणि साधं ‘भरतो, जातो, राहतो’ असेल, म्हणजे रोजचं किंवा नेहमीचं, तर दोन्ही नकोत. “आय लिव्ह इन नागपूर.” तो, ती, पेशंट, डॉक्टर असं कोणी एकटं असेल तर शेवटी एस: “द डॉक्टर कम्स ॲट टेन.” डॉक्टर येऊन राहिले असतील तर “द डॉक्टर इज कमिंग.” शंका आली तर वाक्यात आधी ‘आत्ता’ घालून बघा, मग ‘रोज’ घालून बघा. जे शोभेल ते घ्या.

पण इथंच एक चकवा आहे. ‘मले समजून नाही राहिलं.’ इथं राहिलं आहे, तरी “आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग” म्हणू नका. “आय डोन्ट अंडरस्टँड.” माहीत असणं, पाहिजे असणं, आवडणं, जवळ असणं, म्हणजे नो, वॉन्ट, लाइक, हॅव, यांना सहसा आयएनजी लावत नाहीत. ‘मला दोन भाऊ आहेत’ला “आय हॅव टू ब्रदर्स”, हॅविंग नाही. “आय ॲम हॅविंग लंच” मात्र बरोबर, कारण तिथं हॅव म्हणजे जेवणं. हे चार-पाच शब्द पाठच करा, यात डोकं लावू नका.

प्रश्न विचारताना ‘यू आर’चं ‘आर यू’ होतं. “आर यू कमिंग?” सवयीनं येतं, एवढंच पुरे.

एसटी स्टँडसमोर ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’वाल्या क्लासला मी अडीच हजार दिले होते. तिथले सर स्वतः सगळा वेळ मराठीत बोलायचे. व्हॉट्सॲपवर हजार वाक्यांची पीडीएफ येते, तीही उघडू नका. ती वाक्यं दुसऱ्याच्या आयुष्यातली असतात. मला शिकवलं ते वॉर्डातल्या केरळच्या एका सिस्टरनं. तिचं इंग्रजी साधं आणि सावकाश. मी दहा चुका केल्या तरी ती दिवसाला एकच दुरुस्त करायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच विचारायची. जो दहाच्या दहा दाखवतो तो हुशार असेल, गुरू म्हणून कामाचा नाही.

मी वही केली होती. डाव्या पानावर दिवसभरात खरंच बोललेली पाच वाक्यं, आपल्या बोलीत, जशीच्या तशी. उजव्या पानावर इंग्रजी. पहिलं पान अजून आहे: ‘थांबा जरा, पाहून सांगतो’, “वन मिनिट, आय विल चेक.” ‘पुन्हा सांगता का?’, “कुड यू से दॅट अगेन?” या दोन वाक्यांनी माझी नोकरी टिकली, खोटं नाही सांगत.

चुकाल. मी तर चुकतोच. परवा फोनवर “आय ॲम हॅविंग वन डाउट” निघून गेलं. समोरच्या मॅडम म्हणाल्या, “टेल मी.” दहा मिनिटांत मंजुरी आली.