लेबर रूमबाहेर थांबलेल्या माणसांना काय सांगायचं, कधी सांगायचं

नातेवाईक दार ठोठावतात, आवाज चढवतात, ‘सिझर करूनच टाका’ म्हणतात. बहुतेक वेळा त्याआधी दोन-दोन तास आतून कोणी काही सांगितलेलं नसतं. ठाणे-नवी मुंबईतल्या प्रसूतिगृहांत नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांसाठी हे लिहितो आहोत. बातमी वेळेवर पोचवणं हा शुश्रूषेचाच भाग आहे, मोकळा वेळ मिळाला तर करायचं काम नव्हे.

सुरुवात घरून येणाऱ्या फोनपासून होते. कळा किती मिनिटांनी येतात, पाणी गेलंय का, बाळ नेहमीसारखं फिरतंय का, अंगावरून रक्त जातंय का, हे विचारा. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत असेल तर निघायला सांगा. दुसरेपणाला एवढं थांबायचं नाही. राहतात कुठे, हेही विचारा. संध्याकाळी घोडबंदर रोडवरून यायचं असेल किंवा पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं असेल, तर लवकर निघणंच बरं. रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं यांत कळांची वाट पाहायची नाही. गाडी नसेल तर १०८.

दाखल करताना माता-बाल संरक्षण कार्ड वाचा आणि सोबत कोण हवं ते बाईलाच विचारा, तिच्या माणसांच्या घोळक्यासमोर नव्हे. सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण आत ठेवायला २०१६ पासून केंद्राची परवानगी आहे. आई, सासू की जाऊ, निवड तिची.

सोबतीणीला नुसतं उभं ठेवलं की ती घाबरते आणि तिची भीती बाईला लागते. तिला काम द्या. कळ आली की माकडहाडाच्या वर, कमरेच्या खालच्या हाडावर तळहाताच्या टाचेने घट्ट दाबायचं, कळ ओसरली की सोडायचं. मधल्या वेळात घोटभर पाणी द्यायचं, दर दोन तासांनी लघवीला न्यायचं, जमेल तितकं चालवायचं, आडवं व्हायचं तर डाव्या कुशीवर. दोन गोष्टी मात्र बजावून सांगा: पोट दाबायचं नाही आणि आम्ही सांगेपर्यंत ‘जोर लाव’ म्हणायचं नाही. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर लावला तर त्याला सूज येते, बाई दमते आणि खऱ्या वेळी ताकद उरत नाही.

आता बातमीचं वेळापत्रक. पहिल्या टप्प्यात, म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत, दर अर्ध्या तासाला तुम्ही बाळाचे ठोके ऐकताच. ऐकून झाले की तिथेच बाईला आणि सोबतीणीला एक वाक्य: ‘बाळाचे ठोके १४० आहेत, छान आहेत.’ (११० ते १६० मध्ये असतील तेव्हाच ‘छान’ म्हणा.) दर तासाला बाहेर जाऊन एकाच ठरलेल्या माणसाला तेच सांगा. पाच जणांना पाच वेळा सांगितलं की पाच गोष्टी तयार होतात. आतली तपासणी साधारण चार तासांनी होते, त्यामुळे ‘किती उघडलं’ याचं उत्तर दर तासाला बदलणार नाही, हे आधीच समजावा. तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंतचा काळ फार लांबू शकतो. त्यापुढेही पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात.

घड्याळाची वेळ कधीही देऊ नका. ‘दोनपर्यंत होईल’ म्हणालात की अडीचला बाहेर रडारड सुरू होते.

बाळ आलं की बातमी आधी आईला. बाळ तिच्या उघड्या छातीवर, अंग पुसून, वरून कोरडं कापड आणि टोपी. मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं (पिशवी आवळणारं औषध) १० युनिटचं इंजेक्शन मांडीत, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची. बाळाने श्वास घेतला नाही तर हा क्रम सोडून श्वास देण्याची तयारी. बाहेर ‘बाळ दाखवा’ चाललेलं असतं, पण पहिला तास बाळ दाराबाहेर न्यायचं नाही. ते गार पडतं आणि पहिलं पाजणं राहून जातं. बाहेर सांगताना आधी ‘आई बरी आहे, बाळ रडलं’, मग मुलगा की मुलगी. मुलगी झाल्याचं सांगताना आवाज जराही पडता कामा नये. बक्षिसीचा विषय कोणी काढत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधं, जेवण, सिझरसुद्धा मोफत आहे.

आजी मधाचं बोट घेऊन येतात तेव्हा खेकसू नका. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्याला गंभीर आजार होऊ शकतो, आईच्या पहिल्या दुधात, चिकातच सगळं आहे, हे सांगा आणि बाळाची टोपी व पाय गरम आहेत का बघायचं काम त्यांना द्या.

पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पिशवी घट्ट आहे ना आणि पॅड किती भिजलं ते बघा. लघवी तुंबली तरी गर्भपिशवी सैल पडते. रक्तस्राव वाढून धावपळ सुरू झाली, तर एकीने बाहेर जाऊन सांगायचं, हे ड्यूटीच्या सुरुवातीलाच ठरलेलं हवं. सिझरच्या निर्णयाचंही तसंच: कारण काय, आता काय करणार, साधारण किती वेळ, बाळ कुठे असेल. संमती बाईची, नवऱ्याची सही तिच्या सहीची जागा घेत नाही.

आणि बाळ गेलं, तर ‘बाळ गेलं आहे’ असंच म्हणा. ‘बघतोय, प्रयत्न चालू आहेत’ म्हणून लांबवू नका. आईबापांना बाळ बघायचं, घ्यायचं आहे का ते विचारा, आणि नको म्हणाले तर थोड्या वेळाने पुन्हा एकदा विचारा. तिची खाट इतर बाळंतिणींपासून दूर हलवा. दोन-तीन दिवसांत दूध उतरेल, छाती दाटेल, हे घरी सोडण्याआधी तिला सांगाच. घरी गेल्यावर ते अचानक झालं की ती पुन्हा कोसळते आणि तेव्हा विचारायला जवळ कोणी नसतं.